घरच्या संगणकाचा परवाना
(तालुका शिक्षक-संमेलनातील भाषण)



चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या वनजिल्ह्यांत परवाना म्हणजे काय, हे कोणास समजावून सांगावे लागत नाही. सागवान रोख पैसे मोजून विकत घेतले, तरी ते गाडीत घालून नाक्यापलीकडे न्यावयाचे तर वाहतूक परवाना जवळ असावा लागतो. वस्तूचे मोल देणे निराळे आणि कागदाने दिलेली मोकळीक निराळी, हा भेद येथील साधा शेतकरीही जाणतो. परंतु शिक्षकाच्या घरी संगणक आला, म्हणजे नेमका हाच भेद विसरला जातो.

संगणकाचे यंत्र विकत घेतले की ते घेणाऱ्याचे होते. त्या यंत्रास चालविणारी प्रचालन प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, मात्र त्या अर्थाने विकत मिळत नाही. मिळते ती वापरण्याची अनुमती. तिच्या अटी पडद्यावर येतात आणि त्या न वाचताच 'मान्य' ह्या शब्दावर बोट ठेवले जाते.

समजा, एटापल्ली तालुक्यातील एका शिक्षकाने मुलांच्या अभ्यासासाठी व शाळेच्या कामासाठी घरी संगणक घ्यावयाचे ठरविले. त्याच्यापुढे चार वाटा असतात.

पहिली वाट यंत्राबरोबर येणाऱ्या परवान्याची. कारखान्यातूनच विंडोज घालून आलेल्या संगणकास जो परवाना असतो, त्यास ओईएम परवाना म्हणतात. तो त्या एका यंत्राशी बांधलेला असतो. यंत्र निकामी झाले की परवानाही संपला. तो काढून दुसऱ्या यंत्रास लावता येत नाही. वेगळ्या परवान्यापेक्षा तो स्वस्त पडतो, हा त्याचा गुण. घेताना आवृत्तीचे नाव मात्र वाचावे. 'होम सिंगल लँग्वेज' असे लिहिले असेल, तर पडद्यावरील सूचनांची भाषा एकच ठेवता येते. मराठीत लिहिण्यास त्यामुळे अडचण येत नाही; परंतु वडिलांस सूचना इंग्रजीत आणि मुलीस मराठीत हव्या असतील, तर ही आवृत्ती उपयोगाची नाही.

दुसरी वाट सुट्या, म्हणजे रिटेल परवान्याची. हा महाग असतो; परंतु जुन्या यंत्रावरून काढून तो नव्या यंत्रावर नेता येतो. एका वेळी यंत्र मात्र एकच. सुटे भाग जोडून संगणक तयार करणाऱ्यास आणि मदरबोर्ड बदलण्याची वेळ येणाऱ्यास तो परवडतो. येथे एक सावधगिरी हवी. संस्थांस अनेक यंत्रांसाठी व्हॉल्यूम परवाने दिले जातात. त्यांचे संकेतांक सुटे करून कोणी कवडीमोलाने विकतो. असा संकेतांक आज चालला, तरी घरात तो वापरण्याचा हक्क घेणाऱ्यास मिळत नाही आणि कंपनी तो केव्हाही बंद करू शकते.

तिसरी वाट मुक्त परवान्याची. १९८३ मध्ये अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी मुक्त प्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला, आणि पुढील वर्षी तो जीपीएल ह्या मुक्त परवान्याखाली आणला. हा परवाना प्रत्येकास चार गोष्टींची मोकळीक देतो: वापरावे, आतील रचना अभ्यासावी, प्रत दुसऱ्यास द्यावी आणि सुधारणा करून तीही वाटावी. अट एकच मोठी आहे. जो वाटेल त्याने पुढील माणसासही हीच मोकळीक व मूळ आज्ञालेख द्यावा.

ही कल्पना परदेशी वाटेल. परंतु तिचे मर्म धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गावावरून चटकन ध्यानी येते. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये त्या गावास सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. तेथे हक्क एकाचा नाही, सर्वांचा आहे. आणि हक्काबरोबर राखण्याचे कर्तव्यही आले आहे. फरक एवढाच की, बांबू तोडला तर तो कमी होतो. आज्ञावलीची प्रत दुसऱ्यास दिल्याने मूळ कमी होत नाही. जेथे इंटरनेट मंद आहे, अशा भामरागडसारख्या भागात एका शिक्षकाने पेनड्राइव्हवर आणलेली उबंटू किंवा डेबियनची प्रत सर्व सहकाऱ्यांनी घेतली, तरी तो अपराध ठरत नाही. ते परवान्यास धरूनच आहे.

सी-डॅक ह्या केंद्र सरकारच्या संस्थेने भारतीय भाषांची सोय असलेली बॉस लिनक्स ही प्रणाली तयार केली. केरळ राज्याने तर आपल्या सरकारी शाळांतील संगणक-शिक्षण मुक्त प्रणालीवरच उभे केले. तथापि अडचणीही सांगितल्या पाहिजेत. काही छपाईयंत्रे, हिशेबाचे काही कार्यक्रम आणि ऑनलाइन कामांची काही साधने विंडोजच मागतात. म्हणून आधी पेनड्राइव्हवरूनच प्रणाली चालवून पाहावी. जुनी प्रणाली न पुसता अशी परीक्षा घेता येते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि अनेक जुन्या यंत्रांवर विंडोज ११ रीतसर बसत नाही. अशी यंत्रे मोडीत काढण्यापूर्वी ही परीक्षा अवश्य घ्यावी.

चौथी वाट चोरवाट आहे. दुकानदार थोडक्या पैशांत, पुष्कळदा फुकटही, कुलूप फोडलेली प्रत घालून देतो. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ६३-ख प्रमाणे अशी प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे. शिवाय कुलूप फोडणाऱ्याने आत काय सोडले, हे कोणास कळत नाही. आणि त्याच संगणकावर शिक्षक आपल्या बँकेचा व्यवहार करतो, विद्यार्थ्यांची माहिती भरतो.

परंतु शिक्षकाच्या बाबतीत प्रश्न कायद्यापाशी थांबत नाही. वार्षिक परीक्षेत शेजाऱ्याची उत्तरपत्रिका पाहणाऱ्या मुलास जो शिक्षक उठवून उभा करतो, त्याच्याच घरी मुलाने विचारले, 'बाबा, ही प्रत आपण कोठून आणली?' तर त्यास मान खाली घालावी लागू नये. पूर्वी ह्या प्रश्नास पैशाची सबब पुढे करता येत असे. मुक्त परवान्याने ती सबबही उरू दिलेली नाही.

तेव्हा संगणक घेण्यापूर्वी शिक्षकाने तीन प्रश्न कागदावर लिहावेत. घरातील कोणते काम विंडोजवाचून खरोखरच अडते? यंत्र बदलल्यास परवाना पुढे नेता येईल काय? आणि ही प्रत दुसऱ्यास देता येईल काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'अडते' असे आले, तर पैसे भरून परवाना घ्यावा आणि पावती जपून ठेवावी. 'अडत नाही' असे आले, तर मुक्त प्रणाली घ्यावी आणि तिची एक प्रत शेजारच्या शाळेस द्यावी.