मोनिकाची नजर

दिग्दर्शक इंगमार बर्गमन म्हटलं की बहुतेकांना त्याच्या चित्रपटातला, मृत्यूशी बुद्धिबळ खेळणारा सरदार आठवतो. मला आधी मोनिका आठवते. 'समर विथ मोनिका', त्याचाच १९५३चा कृष्णधवल स्वीडिश चित्रपट.

गोष्ट छोटीशी आहे. स्टॉकहोममधली मोनिका भाजीच्या वखारीत राबते, हॅरी काचसामानाच्या दुकानात. दोघंही बोलणी खाऊन कंटाळलेली. एक दिवस हॅरीच्या वडिलांची मोटरबोट घेऊन दोघं बेटांकडे निघून जातात. मग ऊन, पाणी, कातळ. पुढे उपासमार, आणि परत शहर.

मला धरून ठेवलं ते त्यानंतरच्या एका क्षणानं. लग्न झालंय, मूल झालंय, हॅरी कामासाठी परगावी गेलाय. मोनिका दुसऱ्याच पुरुषाबरोबर कॅफेत बसलीय. सिगारेट ओढता ओढता ती मान वळवते आणि थेट कॅमेऱ्यात बघते. म्हणजे आपल्याकडे. मागचा उजेड विझत जातो, चेहरा तेवढा उरतो आणि नजर काही हटत नाही. चांगलं अर्धं मिनिट! कॅमेऱ्यात बघायचं नाही, हा नटांचा पहिला धडा. आणि इथं वीस-एकवीस वर्षांची हॅरिएट अँडरसन आपल्याकडे बघतेय, आपल्याकडेच. तिच्या डोळ्यांत गयावया नाही. मला नावं ठेवणारे तुम्ही कोण, असं ती विचारतेय, असं मला दर वेळी वाटतं. फिल्म सोसायटीत पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शेजारच्या खुर्चीची कुरकुरसुद्धा थांबली होती.

बेटावरचं चित्रण झालं स्टॉकहोमजवळच्या ऑर्नो बेटावर, १९५२च्या उन्हाळ्यात. निगेटिव्हवर ओरखडा पडला आणि जवळजवळ पाऊण भाग पुन्हा चित्रित करावा लागला. बर्गमननं पुढे लिहिलंय की सगळ्यांनी वरवर हळहळ व्यक्त केली, पण आतून सगळे खूश होते. मुक्काम वाढला ना! पडद्यावरच्या दोघांना परतायचं नव्हतं, तसं त्यांचं चित्रण करणाऱ्यांनाही नव्हतं. त्या उन्हाचा खरेपणा मला तिथूनच आलेला वाटतो.

मोनिकाला नावं ठेवणारे होतेच. अमेरिकेत तर हा चित्रपट काटछाट करून 'वाईट मुलीची गोष्ट' म्हणून विकला गेला.

आता फिल्म सोसायट्या कमी होत चालल्यात. फोनवर तो कॅफेतला क्षण बोटानं पुढे ढकलता येतो. त्या नजरेसमोर अंधारात, चार लोकांमध्ये बसून राहावं लागतं, असं माझं ठाम मत आहे.

वेळ संपत आलाय, तरी एवढं सांगतोच. दिग्दर्शक त्रुफोच्या १९५९च्या 'द ४०० ब्लोज' या चित्रपटात शाळा बुडवलेली दोन पोरं सिनेमागृहाबाहेर लावलेला एका नटीचा फोटो उचकटून पळ काढतात. तो फोटो या मोनिकाचा आहे.