दूध पाजताना दुखतं का?

(रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण)



या मेळाव्यात बोलायचं ठरलं तेव्हा सचिवांनी विषय विचारला. मी सांगितला. ते जरा गप्प बसले आणि म्हणाले, "ताई, पुरुषमंडळीही असतील हं." म्हटलं, असू द्या. रात्री दोन वाजता बाळ रडतं तेव्हा तेही जागेच असतात.

विषय आहे बाळाच्या तोंडात आणि आईच्या स्तनाग्रांवर होणारी बुरशी. डॉक्टर तिला थ्रश म्हणतात. सरकारी नोकरीत एकतीस वर्षं मी परिचारिका होते. किती बाळंतिणी हाताखालून गेल्या त्याची गणती नाही. तरीही आज बोलणार आहे ते माझ्या स्वतःच्या घरात झालेल्या चुकीबद्दल.

माझी धाकटी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी, म्हणजे आपल्या सोसायटीत आली. सिझेरियन झालं, अँटिबायोटिक्स झाली. पहिले तीन आठवडे सगळं छान चाललं होतं. बाळ पोटभर प्यायचं, वजन वाढत होतं. मग एक दिवस ती म्हणाली, "आई, पाजताना आग होते गं. पाजून झाल्यावरही कितीतरी वेळ आत काचा टोचल्यासारखं होतं." आणि मी, एकतीस वर्षं नोकरी केलेली बाई, काय म्हणाले? "पहिलटकरणीला होतंच असं. सहन कर."

तिने आठ दिवस सहन केलं. नवव्या रात्री मी पाणी प्यायला उठले, तर ही हॉलमध्ये अंधारात बसलेली. बाळ अंगावर आणि दातात ओढणीचं टोक घट्ट धरलेलं, आवाज बाहेर पडू नये म्हणून. सकाळी कळलं की तिने जावईबापूंना पावडरच्या दुधाचा डबा आणायला सांगितला होता. मला सांगितलं नव्हतं. मी रागावेन म्हणून.

त्याच दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकू डिंकाचे लाडू घेऊन आल्या. बाळ जांभई देत होतं. काकूंनी तोंडात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, हे दूध नाही. दूध असतं तर पुसलं गेलं असतं."

मैत्रिणींनो, ओळखायची पहिली खूण हीच. बाळाच्या जिभेवर दुधाचा पांढरा थर असतो, तो ओल्या मऊ फडक्याने सहज निघतो. बुरशीचे डाग दह्याच्या कवड्यांसारखे दिसतात. ते जिभेवर असतात, गालांच्या आतल्या बाजूला असतात, हिरड्यांवर असतात आणि पुसून जात नाहीत. जोर लावून खरवडलं तर खालची कातडी लाल दिसते, रक्तही येतं. म्हणून खरवडू नका. कधी बाळ पिताना मध्येच सोडून रडतं, कधी लंगोटाच्या जागीही लाल पुरळ उठतं.

आईची खूण वेगळी. आधी पाजताना काही त्रास नव्हता आणि मध्येच दोन्ही बाजूंना आग, ठणका सुरू झाला. पाजून झाल्यावरही तो राहिला. स्तनाग्र गुलाबी, चकचकीत दिसायला लागलं, खाज आली, तर बुरशीची शंका घ्यावी. पण प्रत्येक दुखणं म्हणजे बुरशी नव्हे. बाळाने नीट पकडलं नाही तरी चिरा पडतात आणि दुखतं. खरं म्हणजे पुष्कळदा कारण तेच असतं. म्हणून बाळ कसं पितं तेही डॉक्टरांना दाखवायचं. स्तन कडक, लाल, गरम झाला आणि अंगात ताप भरला, तर तो निराळा आजार असतो. तेव्हा थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना.

ही बुरशी येते कुठून? कॅन्डिडा नावाची ही बुरशी एरवीही आपल्या अंगावर असते, गुपचूप राहते. अँटिबायोटिक्सनी तिला आवरणारे जंतू कमी झाले, किंवा स्तनाग्राला चिरा पडल्या, ओलावा राहिला की तिचं फावतं. आईला मधुमेह असेल तरी तिला बळ मिळतं. यात आईची अस्वच्छता नाही, कुणाची दृष्ट नाही आणि "दूध बाधलं" असं तर मुळीच नाही.

आता आमची दुसरी चूक ऐका. मी मेडिकलमधून बाळाच्या तोंडात लावायचं औषध आणलं. डाग गेले. आठवड्याने परत आले. तेव्हा कुठे मी शहाणी झाले आणि दोघींना घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी एकच वाक्य सांगितलं: आई आणि बाळ, दोघींना एकाच वेळी औषध. बाळाच्या तोंडातून बुरशी आईला लागते, आईकडून पुन्हा बाळाला. एकीलाच औषध दिलं तर दुसरी तिला परत देते.

बाळासाठी तोंडात लावायचं बुरशीचं औषध मिळालं, लेकीला लावायला मलम. दोन्ही पाजून झाल्यावर लावायची. औषध जेलसारखं घट्ट असेल तर एकदम तोंडात घालू नये, घशात अडकू शकतं. स्वच्छ बोटाने थोडं थोडं लावावं. डाग दिसेनासे झाले तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करायचे.

आणि महत्त्वाचं म्हणजे अंगावर पाजणं बंद करायचं नाही. हे दूध बाळाला चालतं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं किंवा जास्त, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला या आजारातही तसाच राहतो.

बाकी काळजी घरातली. पाजण्याआधी, पाजल्यावर आणि लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुवायचे. बाटली, बूच, चोखणी वापरत असाल तर रोज निदान दहा मिनिटं उकळायची. आतले कपडे रोज बदलायचे, ओले पॅड अंगावर ठेवायचे नाहीत, कपडे कडक उन्हात वाळवायचे. आपल्या नगरात उन्हाला तोटा नाही. गच्चीवर कपडे वाळत घालण्यावरून वार्षिक सभेत किती भांडलो आपण! बाळंतिणीच्या दोरीवरून मात्र कुणी भांडू नका, एवढी विनंती.

ज्येष्ठ बायकांना हात जोडून एक सांगते. टाकणखार मधात कालवून बाळाच्या तोंडाला लावायची पद्धत आपल्या घरांतून होती. माझ्या सासूबाईही लावायच्या, मायेनेच लावायच्या. पण टाकणखार पोटात जाणं बाळाला घातक आहे, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नाही, गुटीतसुद्धा नाही. त्यातून गंभीर आजार होऊ शकतो. माया तीच ठेवू, औषध बदलू.

आमच्या घरात औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत आग कमी झाली. पावडरचा डबा आला तसाच न उघडता कपाटात राहिला. नात आता बालवाडीत जाते.

मी विचार करते, मला एवढं शिक्षण असून जे दिसलं नाही ते काकूंना कसं दिसलं? त्या फक्त सातवी शिकलेल्या. मग मला आपल्याच जिल्ह्यातलं जामखेड आठवतं. तिथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं आणि गावातल्याच बायकांना, कित्येक तर अक्षरओळखही नसलेल्या, शिकवून आरोग्यसेविका केलं. गरोदर बाया, बाळंतिणी, तान्ही मुलं त्या दारोदार जाऊन पाहू लागल्या. जग ते बघायला जामखेडला आलं. त्यामागची गोष्ट साधी होती: शेजारीण उंबरठ्याच्या आत येते आणि नीट बघते.

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. या काळात लिफ्ट आली, बोअर झाली, रंग दोनदा झाला. पण या इमारतीची खरी शिल्लक म्हणाल तर वरच्या मजल्यावरून लाडू घेऊन येणाऱ्या काकू. तेव्हा यापुढे बाळंतीण घरी आली की तिला भेटायला जा. बाळ कुणासारखं दिसतं ते सांगा, झबलं द्या. आणि निघताना, घरातले जरा लांब असतील तेव्हा, तिला हळूच एक प्रश्न विचारा: "दूध पाजताना दुखतं का गं?"

ती "हो" म्हणाली तर "सहन कर" म्हणू नका. रिक्षा बोलवा.