माजी सैनिकांना वेगळा आरोग्य विमा हवा काय?

(रत्नागिरी येथे माजी सैनिकांच्या मेळाव्यात माहिती अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आपल्या जिल्ह्याला सैनिकी सेवेची परंपरा नवी नाही. दापोलीला जुनी माणसे अजून ‘कॅम्प’ म्हणतात, ते तेथे एके काळी असलेल्या लष्करी ठाण्यामुळे. मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावचे सुभेदार रामजी सकपाळ, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, निवृत्तीनंतर काही काळ याच दापोलीत राहिले होते.

अशा या जिल्ह्यातील निवृत्त सैनिकांच्या घरोघरी सध्या एक प्रश्न विचारला जात आहे. विमा प्रतिनिधी येतात, कागद पसरतात, रुग्णालयांच्या बिलांचे आकडे सांगतात आणि घरातील मंडळी काळजीत पडतात. ईसीएचएसचे, म्हणजेच माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेचे कार्ड घरात असताना आणखी विमा घ्यावा काय?

या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर नाही. दिनांक 1 एप्रिल 2003 पासून सुरू झालेल्या या योजनेत निवृत्तिवेतनधारक सैनिक एकदाच अंशदान भरतो आणि त्याला व त्याच्या पत्नीला आयुष्यभर उपचार मिळतात. सैनिकाच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या पत्नीचा हक्क कायम राहतो. उपचारांच्या खर्चाला वार्षिक मर्यादा नाही, आणि जुना मधुमेह वा हृदयविकार आहे म्हणून कोणाला वगळले जात नाही. बाजारातील विम्याचे तसे नसते. आधीपासून असलेल्या आजारासाठी तेथे तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. पासष्टीनंतर नवा विमा देण्याचे बंधन कंपन्यांवर पूर्वी नव्हते. 2024 मध्ये वयाची ती अट निघाली खरी, पण वयाबरोबर चढणारा हप्ता निघाला नाही. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील वस्तू व सेवा कर माफ झाला, तरी सत्तरीच्या जोडप्याला हप्ता जडच जातो.

पॉलिक्लिनिकमध्ये रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर मिळत नाहीत म्हणून विमा घ्यावा, असे काहींना वाटते. हा विचार मला पटत नाही. सर्वसाधारण आरोग्य विमा रुग्ण दाखल झाल्यावर खर्च देतो. रोजच्या गोळ्यांचे पैसे तो बहुधा देत नाही. शिवाय जे बिल ईसीएचएसने पूर्ण चुकते केले, तेच विमा कंपनीकडून पुन्हा वसूल करता येत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती आपल्या भूगोलाशी निगडित आहे. रात्री छातीत कळ आली, पाऊस कोसळतो आहे, आंबा घाट ओलांडून कोल्हापूर सव्वाशे किलोमीटरवर. अशा वेळी कोणी सूचीतील रुग्णालय शोधत बसत नाही आणि बसूही नये. जवळ असेल तेथे दाखल व्हावे. आणीबाणीत सूचीबाहेरील रुग्णालयात घेतलेल्या उपचारांची भरपाई योजना देते, मात्र पॉलिक्लिनिकला 48 तासांच्या आत कळवावे लागते. बिल आधी स्वतः भरावे लागते आणि परतावा शासनाने ठरविलेल्या दरानेच मिळतो. मधला फरक आपल्या खिशातून जातो. त्याकरिता दरवर्षी मोठा हप्ता भरण्यापेक्षा तेवढी रक्कम बँकेत वेगळी ठेवावी, असे माझे मत आहे. जे या रुग्णालयांवर अवलंबून राहू इच्छित नाहीत आणि ज्यांना परवडते, त्यांनी विमा खुशाल घ्यावा. कार्ड कोठे ठेवले आहे आणि पॉलिक्लिनिकचा दूरध्वनी कोणता, हे घरच्या बाईमाणसांना ठाऊक असावे. कित्येक घरांत ते फक्त कारभाऱ्यांनाच ठाऊक असते आणि नेमके तेच आजारी पडतात!

आता कार्डाबाहेर कोण राहते ते पाहू. मुलगा मिळवता झाला, त्याचे लग्न झाले किंवा तो पंचवीस वर्षांचा झाला, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा त्याचा हक्क संपतो. कायमचे अपंगत्व असलेल्या मुलाची गोष्ट वेगळी. मुलगी लग्न होईपर्यंत वा मिळवती होईपर्यंत राहते. सून व नातवंडे मुळातच योजनेत येत नाहीत. विम्याचा विचार करावयाचा तो या मंडळींसाठी. त्यातही आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पाहावी. राज्यातील कुटुंबांना तिच्यातून वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. ते अपुरे वाटल्यास मुलाने तरुणपणीच, हप्ता कमी असताना, स्वतःचा विमा घ्यावा.

सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारत योजनेचा पर्यायही खुला झाला आहे. पण ईसीएचएस आणि ती, यांपैकी एकच निवडावी लागते. आयुष्मानला पाच लाखांची मर्यादा आहे आणि तिच्यातून रोजची औषधे मिळत नाहीत. केवळ नवे कार्ड मिळते म्हणून जुने सोडू नये.

पंधरा वर्षांची सेवा पूर्ण होण्याआधीच निवृत्तिवेतनाविना परतलेल्या जवानांना मात्र सहसा ही योजना लागू होत नाही. 2022 मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेच्या अटींनुसार चार वर्षांनी परतणाऱ्या अग्निवीरांनाही निवृत्तिवेतन वा ईसीएचएस नाही. आपल्या गावातून असा मुलगा गेला असेल, तर तो परतण्यापूर्वीच त्याच्या आईवडिलांशी या विषयावर बोला. त्याच्या हाती सेवानिधीची रक्कम पडेल तेव्हा घर, लग्न आणि दुचाकी यांच्या यादीत आरोग्य विम्याच्या पहिल्या हप्त्यालाही जागा मिळावी.