एक रुपया आणि दीड बादली पाणी

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मला 'बचतीचे महत्त्व' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. पण बँकेत जन्म घालवलेल्या माणसाकडून ते तुम्ही पुष्कळदा ऐकलंय. म्हणून आज मी माझ्या एका फजितीबद्दल बोलणार आहे.

2016 चा एप्रिल आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी जात होतं. आपल्या कुंभार पिंपळगावातही टँकरची वाट बघणं हेच मोठं काम झालं होतं. त्यातच आमच्या सौ.चं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मुलानं पुण्याहून कपडे धुण्याचं मशीन पाठवलेलं होतं, समोरून काचेचं दार असलेलं. ते चालवायची पाळी माझ्यावर आली.

एके सकाळी मशीन मध्येच थांबलं. आत कपडे, साबण आणि दीड बादली पाणी. दार उघडेना. जालन्याचा मेकॅनिक म्हणाला, "आठ दिवस लागतील." कपडे सडतील ते वेगळंच, पण त्या दिवसांत दीड बादली पाणी अडकून पडणं म्हणजे जीव वर-खाली! मी अनवाणी, ओल्या फरशीवर बसून दार ओढायला लागलो. मशीनच्या पत्र्याला हात लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. वाटलं, वयामुळे असेल. पुन्हा हात लावणार, इतक्यात समोरच्या घरातली मुलगी दारातून ओरडली, "काका, हात काढा! आधी मेन बंद करा!" ती तेव्हा पॉलिटेक्निकला शिकत होती. तिनंच कोरड्या हातानं मेन पाडला, मग पिन काढली, मग नळ बंद केला.

नंतर तिनं जे शिकवलं, ते तुम्हालाही सांगतो. मशीनच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटी झडप असते. तिच्या आत फिल्टरचं झाकण, आणि बऱ्याच मशीनमध्ये शेजारी एक बारीक नळी असते. पाणी गरम असेल तर आधी निवू द्यायचं. जागा इतकी खाली की बादली मावत नाही, म्हणून परात लावायची. नळीचं बूच काढायचं, परात भरली की बूच लावायचं, परात बादलीत रिकामी करायची. नळी नसेल तर फिल्टरचं झाकण थोडंसंच सैल करायचं. एकदम काढलं तर सगळं घर धुऊन निघतं. आणि दाराशी झटापट करायची नाही, पाणी गेल्याशिवाय ते सुटत नाही.

किती पराती झाल्या ते मोजलं नाही. पाणी मात्र एक थेंब वाया गेलं नाही, संडासाला वापरलं. शेवटी फिल्टर बाहेर काढला. त्यात दोऱ्यांचा गुंता, एक सेफ्टी पिन आणि एक रुपयाचं नाणं! माझ्याच सदऱ्याच्या खिशातलं. कॅश जुळेना म्हणून एका रुपयासाठी रात्री नऊपर्यंत बँकेत बसलेला मी, आणि माझाच रुपया तिथं अडकलेला. सौ. पलंगावरून म्हणाल्या, "खिसे तपासायला मी पंचवीस वर्षं सांगतेय."

फिल्टर धुतला, मशीन सुरू झालं. पण ती मुलगी ऐकेना. "काका, पाणी अडकणं हा किरकोळ दोष होता. पत्र्यात करंट आला, तो खरा दोष." वायरमन आणला. मशीनच्या हीटरची गळती होतीच, पण तो करंट जमिनीत जायला हवा तो जात नव्हता. इमारतीचा अर्थिंगचा खड्डा दुष्काळात ठणठणीत कोरडा पडला होता आणि तारेचा जोड गंजला होता. माती कोरडी झाली की अर्थिंग कमजोर होतं. म्हणजे धोका एकट्या माझ्या घरात नव्हता. प्रत्येक घरातल्या गीझरला, फ्रिजला, मोटारीला तोच.

मंडळी, आपल्या कार्यकारिणीनं त्या आठवड्यातच खड्डा नीट करून घेतला. मीठ-कोळसा भरला, जोड बदलला. पाण्याचा प्रश्न होता, तर भांडी विसळलेलं पाणी पाळीपाळीनं त्यात ओतायचं ठरलं. काही घरांनी गळतीचा करंट ओळखून आपोआप बंद होणारा स्विचही बसवला. तीस मिलिअँपिअरचा असतो तो.

आता माझी एकच विनंती. दर फेब्रुवारीत, ऊन तापायच्या आधी, अर्थिंगची तपासणी हा विषय सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत कायमचा ठेवा. आणि घरातल्या पुरुष मंडळींनो, मशीनला झिणझिण्या आल्या तर वयाला दोष देऊ नका, आधी मेन बंद करा.

तो रुपया मी खर्च केलेला नाही. मशीनच्या वरच टेपनं चिकटवलाय. कपडे टाकताना दिसतो, आणि हात आपोआप खिशाकडे जातो.