नायटा : लपवू नका, अर्धवट सोडू नका

(संस्थेच्या पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर नायट्यासारखा विषय कशासाठी, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. मधुमेहावर, हृदयविकारावर बोलले तर ऐकणाऱ्यालाही बरे वाटते. नायट्याचे नाव काढले की माणूस इकडेतिकडे पाहू लागतो. हा संकोचच या रोगाचे खतपाणी आहे. म्हणून मी मुद्दाम हाच विषय निवडला.

काही वर्षांपूर्वी नववीतील एक मुलगी आईबरोबर दवाखान्यात आली. आईची तक्रार अशी की, मुलीचे अभ्यासात लक्ष नाही, रात्री झोपत नाही, चिडचिड करते. मुलगी मान खाली घालून बसली होती. तपासले तेव्हा कंबरेला, नाडी बांधण्याच्या जागी आणि जांघेत नायटा पसरलेला. आठ महिने तिने कुणाला सांगितले नव्हते. घरात वडिलांनी आणलेली एक ट्यूब होती, ती चोरून लावत होती. लावली की दोन दिवसांत खाज थांबे. सोडली की दुप्पट उसळे. त्या ट्यूबने तिची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती आणि जांघेत जांभळट चरे पडले होते. नायटा पुढे बरा झाला. चरे मात्र कायमचे राहिले.

नायटा, गजकर्ण, दाद ही एकाच रोगाची नावे. रक्त बिघडल्याने किंवा अंगातील उष्णतेने तो होत नाही. ती एक बुरशी आहे. पावसाळ्यात आपल्या चामड्याच्या चपलांवर, भाकरीच्या तुकड्यावर जी बुरशी चढते, तिच्याच जातकुळीतली. कातडीचा वरचा मृत थर, केस आणि नखे हे तिचे अन्न. मधले खाऊन ती कडेने पसरते, म्हणून चट्टा कड्यासारखा गोल दिसतो. तिला हवा ओलावा, ऊब आणि घर्षण. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर या तिन्ही गोष्टींना तोटा नाही. रापण ओढणारा, मासळी विकणारी, भातलावणीला चिखलात उभी राहणारी, या सर्वांची कातडी दिवसभर ओली असते. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्यांतही पुष्कळदा हीच बुरशी शिरते. त्यात आता घट्ट जीन्स आणि घाम न टिपणाऱ्या नायलॉन-पॉलिस्टरच्या कपड्यांची भर पडली आहे.

आपला भाग या रोगाशी जुना परिचित आहे. एकोणिसाव्या शतकात नायट्यावर एक पिवळी भुकटी विकली जाई, तिचे नावच मुळी 'गोवा पावडर' पडले होते. पुढे १८७५ च्या सुमारास उलगडा झाला की, ती ब्राझीलमधील अरारोबा नावाच्या झाडाच्या खोडातून निघते आणि पोर्तुगिजांच्या व्यापारातून गोव्यास आली आहे. औषध गुणकारी होते, पण जहाल होते. कातडी भाजे, कपडे डागाळत, डोळ्यांत गेले तर डोळे सुजत. आज औषधे पुष्कळ सौम्य आणि चांगली आहेत. तरीही रोग हटत नाही. असे का?

याचे मोठे कारण ती ट्यूब. दुकानात चिठ्ठीशिवाय मागितली की अनेकदा जी ट्यूब हातात पडते, तिच्यात बुरशीच्या औषधाबरोबर क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोनसारखे जोरदार स्टेरॉइड मिसळलेले असते. स्टेरॉइड खाज आणि लाली दाबते. त्यामुळे वाटते, गुण आला. पण त्याच वेळी ते त्या जागची शरीराची प्रतिकारशक्तीही दाबते आणि बुरशी आतल्या आत पसरते. चौकीदाराला झोपवून चोराला दार उघडून द्यावे, तसा हा प्रकार आहे. २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉइडची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकण्याच्या औषधांत घातली. पण मागणारा मागत राहिला, तर कायदा एकटा काय करणार?

दुसरे कारण अर्धवट उपचार. चट्टा दिसेनासा झाला की आपण गोळ्या बंद करतो. उरलेली बुरशी पुन्हा डोके वर काढते आणि औषधाला न जुमानणारी होत जाते. पूर्वी दोन-तीन आठवड्यांत बरा होणारा नायटा आता अनेकांत दोन-दोन महिने घेतो. टर्बिनाफाइन या हमखास गोळीला दाद न देणाऱ्या एका जातीला २०२० साली जपानमधील संशोधकांनी 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे नाव दिले. त्या नावात 'इंडो' आहे, हे आपल्याला भूषणावह नाही. २०२३ मध्ये ही बुरशी न्यूयॉर्कमधील रुग्णांतही सापडली.

मग करावे काय? डॉक्टरांना दाखवावे. शंका असेल तर कातडी खरवडून तपासता येते, ती तपासणी साधी आणि स्वस्त आहे. सांगितलेले मलम चट्ट्यावर आणि त्याच्या कडेपलीकडे दोन बोटे लावावे. चट्टा गेल्यावरही डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत थांबवू नये. गरोदर स्त्रियांनी व यकृताचा आजार असणाऱ्यांनी ते आधी सांगावे. नायटा वारंवार होत असेल तर रक्तातील साखर तपासावी. लहान मुलाच्या डोक्यावर कोंड्यासारखे पापुद्रे आणि तुटके केस असलेला गोल चट्टा दिसला, तर 'चाई पडली' म्हणून तेल चोळत बसू नये. ती बुरशी असू शकते, आणि केसांच्या मुळाशी मलम पोचत नाही, पोटात औषध द्यावे लागते. टाकळ्याचा पाला चोळण्याची आपल्याकडे रीत आहे. टाकळ्याची भाजी पावसाळ्यात जरूर खावी. पण पसरलेला नायटा पाल्यावर सोपवू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरातील ज्यांना ज्यांना नायटा आहे, त्या सर्वांनी एकाच वेळी औषध घ्यावे. एकाने घेतले आणि दुसऱ्याने लपवले, तर रोग घरातल्या घरात फिरत राहतो.

स्वच्छतेचे महत्त्व आपल्याला कुणी शिकवायला नको. दिवसातून पाच वेळा आपण हातपाय धुतो. पण धुण्याइतकेच कोरडे करणे महत्त्वाचे आहे. वजूनंतर पायांच्या बोटांच्या बेचक्या पुसाव्यात, ओले पाय तसेच बुटांत घालू नयेत. एकच टॉवेल दहा जणांनी वापरण्याची रीत घरात, वसतिगृहात आणि मशिदीतही मोडावी. प्रत्येकाचा टॉवेल, कंगवा, टोपी वेगळी असावी. रोग्याचे कपडे वेगळे, गरम पाण्यात धुवावेत. पावसाळ्यात ऊन नसते, तेव्हा आतले कपडे उलटे करून शिवणीवरून गरम इस्त्री फिरवावी. ओलसर कपडा अंगात घालू नये. सुती, सैल कपडे उत्तम.

शेवटी शिक्षक बंधू-भगिनींना विनंती. नायटा झालेल्या मुलाला वर्गात वेगळे बसवू नका. उपचार सुरू केले आणि चट्टा झाकला, तर त्याने शाळेत यायला हरकत नाही. आणि मातांनो, मुलगी वयात आली की तिला अभ्यासाबद्दल विचारता, तसे 'कुठे खाजते का ग?' हेही एकदा जवळ बसवून विचारा. त्या नववीतल्या मुलीला आठ महिन्यांत एकदा जरी कुणी असे विचारले असते, तर ते चरे पडले नसते.