मोत्यांच्या माळेची माती
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला कुंडीतल्या झाडांविषयी चार शब्द सांगावयास सांगितले, तेव्हा मला संकोच वाटला. मी वनस्पतिशास्त्र शिकलेली नाही. एक वेल मी जवळजवळ मारली आणि मग कशीबशी जगवली, एवढाच माझा अधिकार. तीच हकीकत आज सांगते.

आमच्या शेजारच्या काकू काही वर्षांपूर्वी मुलाकडे पुण्यास राहावयास गेल्या. जाताना त्यांनी गॅलरीत टांगलेली मोत्यांच्या माळेची कुंडी माझ्या हाती दिली व म्हणाल्या, "सांभाळ गं हिला. काकांनी आणलेली आहे." ही वेल पुष्कळजणींनी पाहिली असेल. मटाराच्या दाण्यासारखी हिरवी गोल पाने दोऱ्यात ओवल्याप्रमाणे खाली लोंबतात. हिचे माहेर दक्षिण आफ्रिकेतील कोरडा प्रदेश. तेथे ती झुडपांच्या आडोशाने जमिनीवर पसरते आणि पाण्याचा साठा त्या गोल पानांतच करते.

मला वाटले, काकूंची ठेव आहे, तिची नीट बडदास्त ठेवावी. माझ्या भावाचे शेत कन्नड तालुक्यात आहे. तेथून पोतेभर काळी माती आणली, त्यात मुरलेले शेणखत घातले, मोठी कुंडी घेतली आणि वेल तीत लावली. ज्या मातीत कपाशी डोलते तीत ही का डोलणार नाही? पण श्रावण लागला आणि मोती मऊ पडले, पिवळट झाले, बोट लावताच गळू लागले. दर रविवारी काकूंचा फोन येई. "माझी माळ कशी आहे?" मी म्हणे, "छान आहे." भगिनींनो, हे खोटे मी दोन महिने बोलले.

शेवटी कुंडी उपडी केली. आत मातीचा चिखलगोळा आणि कुजलेली मुळे. मग चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. वेरूळचे कैलास लेणे ज्या काळ्या खडकात कोरले आहे, तोच खडक झिजून आपली काळी माती झाली आहे. तिच्यातील चिकणकण पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आक्रसतात. म्हणून उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात. कपाशीची मुळे खोल जातात, तिला हा ओलावा मानवतो. पण कुंडीत फुगलेल्या मातीत हवा राहत नाही, आणि या वेलीची मुळे नाजूक व उथळ. ती गुदमरून कुजतात. उलट माती वाळली की कुंडीच्या कडेपासून सुटते आणि घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली जाते. म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

आता उपाय. त्याच खडकाचे अर्धवट झिजलेले रूप म्हणजे मुरूम. बोटांनी चुरडणार नाही असा टणक मुरूम घ्यावा, चाळून बारीक धूळ काढून टाकावी व तूरडाळीपासून हरभऱ्याएवढे खडे धुऊन घ्यावेत. मुरूम न मिळाल्यास विटांचे तेवढेच तुकडे चालतात. असे दोन वाट्या खडे, एक वाटी पालापाचोळ्याचे जुने, चाळलेले खत आणि एक वाटी भिजवून पिळलेला नारळाच्या काथ्याचा भुसा, ज्याला रोपवाटिकेत कोकोपीट म्हणतात, एवढे मिश्रण पुरे. बांधकामाची बारीक रेती घालू नये. ती खड्यांमधल्या जागा बुजवते. नुसता कोकोपीटही नको. तो पावसाळ्यात ओला राहतो आणि एकदा खडखडीत वाळला की लवकर भिजत नाही.

परीक्षा घरगुती आहे. मिश्रण ओले करून मुठीत दाबावे. लाडू वळला तर खडे वाढवावेत. मूठ उघडताच भुगा झाला तर जमले. कुंडी उथळ, मातीची व भोकाची असावी. भोकावर एक खापरी पुरे. तळाशी खड्यांचा थर देण्याची आपली जुनी रीत उपयोगाची नाही. त्या थराच्या वर मातीत पाणी अडून राहते, आणि मुळांची जागा तेवढी कमी होते.

आणखी एक गोष्ट आपल्या गावापुरती. आपल्याकडे नळाला अनेक वर्षे रोज पाणी आलेले नाही. पाणी येण्याचा दिवस उजाडला की आपण पिंप रिकामे करतो आणि शिळे पाणी झाडांना ओततो. मीही तेच करीत होते. नळाच्या दिवशी वेलीला तहान असेलच असे नाही. कुंडी उचलून पाहावी. हलकी लागली आणि मोती किंचित सुरकुतले तरच पाणी द्यावे. पावसात ती पागोळ्यांपासून आत घ्यावी आणि चैत्र-वैशाखात दुपारच्या उन्हापासून जपावी. मात्र लहान मुले हे मोती मटार समजून तोंडात घालतील. ते विषारी आहेत, म्हणून कुंडी उंच टांगावी.

माझ्याकडे चार धड सर उरले होते. ते दोन दिवस सावलीत सुकवून या मिश्रणावर नुसते आडवे ठेवले. दोन-तीन आठवड्यांत पेरापेराला मुळे धरली. पुढच्या संक्रांतीला काकू हळदीकुंकवाच्या दिवशी आल्या, तेव्हा माळ वीतभर लोंबत होती. मी सारे खरे सांगितले. त्या वेलीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, ह्यांनी आणलेली पहिली माळ मीच कुजवली होती. ही दुसरी. ह्यांना मी कधी सांगितलेच नाही."

जाताना त्यांनी दोन सर मागून नेले. सोबत मी पिशवीभर मुरूमही बांधून दिला.

आज मंडळातील प्रत्येकीसाठी एकेक सर आणला आहे. तो न्यावा, आणि मातीचे मात्र आपापल्या मुठीत दाबून पाहावे. एवढे बोलून मी आपली रजा घेते.