देवीची लस आणि म्हैसूरचा राजवाडा

देशोदेशींचे दळणवळण वाढले की रोगराई वाढते, हे विधान खरे असले तरी अर्धेच खरे आहे. उरलेला अर्धा भाग म्हैसूरच्या इतिहासात सापडतो.

गाईंना होणाऱ्या देवीच्या फोडातील द्रव माणसाला टोचला असता देवीचा भयंकर रोग टळतो, हे एडवर्ड जेन्नरने १७९६ साली दाखविले. परंतु तो द्रव हिंदुस्थानात आणावा कसा? लांबच्या सागरप्रवासात तो उष्णतेने निकामी होई. अखेर व्हिएन्नाहून बगदाद, तेथून बसरा आणि मग जहाजाने मुंबई, असा तो टप्प्याटप्प्याने आला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला तो टोचण्यात आला. लस थंड ठेवण्याचे साधन नव्हते. एका बालकाच्या दंडावरील फोडातून ती दुसऱ्याच्या दंडात, अशीच ती पुढे सरकली. त्या बालकांपैकी बहुतेकांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत.

परक्याच्या अंगातील द्रव आपल्या लेकराच्या अंगात घ्यावयाचा, ही गोष्ट सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या समाजाला सहज पचणारी नव्हती. अशा वेळी, १८०६ च्या सुमारास, तिसऱ्या कृष्णराज वोडेयरांची राणी देवाजम्मणी हिने लस टोचून घेतली. थॉमस हिकीने त्याच सुमारास काढलेल्या चित्रात तीन राजस्त्रिया असून, एकीने पदर सारून दंड उघडा केला आहे. काही अभ्यासक यात लसीकरणाचा पुरावा पाहतात. सर्वांना तो मान्य नाही. तरीही पडद्यातील स्त्रीची ही ठेवण निव्वळ चित्रकाराची लहर वाटत नाही.

पुढे १८९६ साली मुंबईच्याच बंदरात प्लेग उतरला. हाँगकाँगमध्ये त्याने दोन वर्षे आधीच थैमान घातले होते. आगगाडीच्या वाटेने तो पसरला आणि १८९८ साली म्हैसूर संस्थानात शिरला. हाफकिनने १८९७ साली मुंबईत तयार केलेली लसही त्याच वाटांनी दक्षिणेकडे गेली. हुबळीत हजारोंनी ती टोचून घेतली. म्हैसूर शहराला मात्र लशीवर भागविता येण्यासारखे नव्हते. दाटीवाटीच्या जुन्या पेठा रोगाला अनुकूल होत्या. म्हणून १९०३ साली तेथे नगर सुधारणेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले, आणि मोकळ्या जागेत नव्या वसाहती आखण्याचे काम त्याच्याकडे आले.